कोयनेलचे झाड आणणारा रिचर्ड स्प्रूस

दोन पिढ्यांपूर्वीच्या मराठी घरांत कोयनेल हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नसे. हिवतापाने अंगात थंडी भरली की सरकारी दवाखान्यातून कोयनेल येई आणि त्याची कडू चव आयुष्यभर आठवणीत राही. बंगालमध्ये तर १८९२ पासून टपाल कचेरीच्या खिडकीवर पैशाला एक पुडी या दराने ते विकले जाऊ लागले होते. ज्या झाडाच्या सालीतून हे औषध निघते, ते सिंकोनाचे झाड मात्र मूळचे भारतातले नव्हे. दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वताच्या ओल्या, धुकट उतारांवर जी घनदाट अरण्ये आहेत, तेथून ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इकडे आणले गेले. या मोहिमेचा सूत्रधार क्लेमंट्स मार्कहॅम. त्याला पुढे ‘सर’ हा किताब मिळाला, ग्रंथ लिहिता आले, कीर्तीही लाभली. परंतु नीलगिरीच्या मातीत जे प्रथम जोमाने रुजले, ते लाल सालीचे झाड धाडले होते रिचर्ड स्प्रूस या सदा दुखणाईत, अबोल वनस्पतिशास्त्रज्ञाने.

स्प्रूसचा जन्म १० सप्टेंबर १८१७ रोजी इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात, गॅन्थॉर्प नावाच्या खेड्यात झाला. वडील शाळामास्तर होते. घरी पुस्तके होती, पैसा नव्हता. मुलाची प्रकृती लहानपणापासूनच नाजूक. सोळाव्या वर्षी त्याने गावाच्या आसपास आढळणाऱ्या ४०३ वनस्पतींची अकारविल्हे यादी तयार केली. पुढे यॉर्क येथील शाळेत त्याने गणित शिकवले. पण फळ्यासमोर उभे राहून पोरांना शिस्त लावणे हा त्याचा पिंड नव्हे. १८४४ साली ती शाळाच बंद पडली तेव्हा त्याला बहुधा सुटल्यासारखे वाटले असावे.

त्याचे खरे प्रेम होते ते दगडांवर, ओलसर खोडांवर वाढणाऱ्या मखमली शेवाळावर. वनस्पतिशास्त्राच्या मराठी परिभाषेत ज्यांना हरिता आणि यकृतका म्हणतात, त्या या इवल्याशा, फुले न येणाऱ्या वनस्पती. त्यांना ना गंध, ना फळ, ना बाजारात भाव. १८४५-४६ मध्ये स्प्रूस पिरेनीज पर्वतात हिंडला आणि तेथे कुणाला ठाऊक नव्हत्या अशा कितीतरी जाती त्याने शोधून काढल्या. जाणकारांत त्याचे नाव झाले. मात्र शेवाळावर पोट भरत नाही, हेही त्याला याच सुमारास पुरते कळून चुकले असणार.

लंडनजवळच्या क्यू उद्यानाचे संचालक विल्यम हुकर यांनी त्याला ॲमेझॉनच्या खोऱ्यात जाण्यास सुचवले आणि जॉर्ज बेंथम या नामवंत वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचा आडत्या होण्याचे मान्य केले. स्प्रूसने अरण्यातून वाळवलेल्या वनस्पतींचे गठ्ठे पाठवायचे, बेंथमने ते वेगळे करून, नावे देऊन वर्गणीदारांना वाटायचे आणि जमलेल्या पैशातून स्प्रूसने पुढची होडी भाड्याने घ्यायची, असा हा व्यवहार. पाठीशी ना संस्था, ना सरकार. ७ जून १८४९ रोजी त्याने लिव्हरपूलचा किनारा सोडला. पुन्हा इंग्लंडला पाय लागण्यास पंधरा वर्षे जायची होती.

ॲमेझॉनच्या त्या काळात तेथे आणखी दोन तरुण इंग्रज भटकत होते. एक आल्फ्रेड रसेल वॉलेस, ज्याने पुढे डार्विनबरोबरच नैसर्गिक निवडीचा सिद्धांत मांडला आणि दुसरा कीटकांचा अभ्यासक हेन्री बेट्स. सांतारेमला तिघांची गाठ पडली आणि वॉलेसशी स्प्रूसचा जो स्नेह जुळला तो अखेरपर्यंत टिकला. पुढची वर्षे स्प्रूसने ॲमेझॉन, रिओ नेग्रो, उआउपेस, कासिकियारे, ओरिनोको या नद्यांच्या काठाकाठाने काढली. ताडांचे प्रकार, रबराची झाडे, स्थानिक लोकांच्या बोलींतील शब्द, यांतले त्याने काही म्हणून सोडले नाही. उआउपेस नदीकाठच्या आदिवासींच्या एका उत्सवात त्याने कापी नावाचे, नजरबंदी करणारे पेय पाहिले. ते ज्या वेलीपासून करतात ती त्याने ओळखली आणि तिचे तुकडे रासायनिक तपासणीसाठी इंग्लंडला पाठवले. ते तुकडे तसेच पडून राहिले. शंभरहून अधिक वर्षांनी रसायनशास्त्रज्ञांनी त्यांची परीक्षा केली, तेव्हा त्यांतील हार्मीन हे अल्कलॉइड अजून शाबूत असल्याचे आढळले. वनस्पतीचा गुण सांगोवांगी न मानता त्यामागचे द्रव्य शोधले पाहिजे, हा त्याचा आग्रह त्या काळाच्या पुष्कळ पुढचा होता.

१८५४ मध्ये तो ओरिनोको नदीवरील मैपुरेसच्या धबधब्यांपर्यंत गेला आणि तेथे त्याला हिवतापाने गाठले. कसाबसा सान फर्नांदो दे आताबापो या गावी पोहोचून तो ३८ दिवस अंथरुणाला खिळून होता. शुश्रूषेसाठी ठेवलेली बाई त्याच्या मरणाचीच वाट पाहत होती. रात्र रात्र तापात तडफडणाऱ्या स्प्रूसला तगवले ते त्याने जवळ बाळगलेल्या क्विनीनने. ज्या द्रव्याचे झाड तो सहा वर्षांनी हजारो मैल दूर पाठवणार होता, त्याची ही ओळख अशी जिवावरच्या प्रसंगातून झाली. त्याच वर्षी रिओ नेग्रोवरून परतताना त्याच्याच नावाड्यांनी त्याला झोपेत मारून सामान लुटण्याचा बेत केला. पोट बिघडल्यामुळे स्प्रूस जागा होता, त्याने तो बेत ऐकला आणि बंदूक जवळ घेऊन उरलेली रात्र होडीत जागून काढली. मारेकऱ्यांना त्यामुळे धीर झाला नाही.

पेरूतील तारापोतो येथे सुमारे दोन वर्षे काढून १८५७ साली तो शंभरहून अधिक दिवसांच्या खडतर प्रवासाने इक्वेडोरच्या डोंगराळ मुलखात शिरला. आंबातो हे त्याचे ठाणे झाले. सभोवती अँडीजची शिखरे आणि त्यांवर अपार शेवाळ. स्प्रूस सुखात होता. १८५९ च्या अखेरीस लंडनहून भारतमंत्र्यांच्या कचेरीचे काम त्याच्याकडे आले. इक्वेडोरच्या अरण्यातून लाल सालीच्या सिंकोनाचे बी आणि रोपे मिळवून ती भारतासाठी रवाना करायची होती.

सिंकोनाच्या सालीने ताप उतरतो हे युरोपला सतराव्या शतकापासून ठाऊक होते. पण तिच्यात नेमके काय आहे, हे १८२० पर्यंत कळले नव्हते. त्या वर्षी पॅरिसमध्ये पेलेतिए आणि कावाँतू या दोन औषधविद्यांनी सालीतून क्विनीन वेगळे काढले. पुढे आणखी अल्कलॉइडे सापडत गेली. त्यांपैकी चार प्रमुख आहेत: क्विनीन, क्विनिडीन, सिंकोनीन आणि सिंकोनिडीन. क्विनीन आणि क्विनिडीन यांतील अणू तेच आणि तेवढेच. फरक फक्त अवकाशातील मांडणीचा. मांडणीतल्या एवढ्याशा बदलाने एक हिवतापाचे मुख्य औषध ठरले आणि दुसरे विसाव्या शतकात हृदयाच्या अनियमित ठोक्यांवर वापरले गेले. हिवतापाचा परजीवी माणसाच्या तांबड्या पेशीत शिरून तेथील हिमोग्लोबिन खातो. त्या पचनातून हीम हे त्याला स्वतःलाच विषारी असलेले द्रव्य सुटते आणि परजीवी त्याचे निरुपद्रवी स्फटिक करून टाकतो. क्विनीन या स्फटिकीकरणात अडथळा आणते, असे आज मानले जाते. झाडाला अर्थात या सगळ्याशी कर्तव्य नाही. अमेरिकेत हिवताप बहुधा कोलंबसानंतरच पोहोचला. सिंकोनाच्या सालीतला कडवटपणा त्याच्या कितीतरी आधीचा, बहुधा पाने-साल कुरतडणाऱ्या किड्यांना दूर ठेवण्यासाठी असावा.

स्प्रूसच्या वेळी परजीवीचा पत्ता लागलेला नव्हता. तो १८८० मध्ये लागला. पण सालीची मागणी अफाट होती. विशेषतः भारतातील गोऱ्या फौजेसाठी ती लागे आणि सारी साल दक्षिण अमेरिकेतूनच येई. झाड तोडायचे, साल सोलायची आणि पुढच्या झाडाकडे वळायचे, ही तेथली रीत. चिंबोरासो पर्वताच्या पश्चिम उतारावर लिमोन येथे स्प्रूस पोहोचला, तेव्हा त्याला लाल सालीची सुमारे दोनशे झाडे दिसली आणि त्यांतील दोन-तीन वगळता सारी तोडलेल्या बुंध्यांतून पुन्हा फुटलेली होती. या सालीला काप दिला की निघणारा रंगहीन रस हवा लागताच बदलत जाऊन लाल होतो, म्हणून हे नाव.

ही झाडे खासगी मालकीची होती. काही रान चर्चचे, काही माजी राष्ट्राध्यक्ष जनरल हुआन होसे फ्लोरेस यांचे. स्प्रूसने ४०० डॉलर मोजून बी आणि रोपे घेण्याचा हक्क मिळवला. सालीला हात लावायचा नाही, ही अट. देशात यादवी चालू होती, सैन्याच्या तुकड्या त्याच वाटांवरून जात-येत होत्या आणि खेचरे मिळणे मुश्कील झाले होते. अशात एप्रिल १८६० मध्ये त्याची पाठ आणि पाय एकाएकी लुळे पडले. त्या दिवसानंतर त्याला न दुखता बसता आले नाही, की फार चालता आले नाही. दुसऱ्या कुणी काम सोडले असते आणि त्याला कुणी दोषही दिला नसता. स्प्रूस जूनमध्ये खेचरावर बसून घाट उतरला.

लिमोनला एका झोपडीत त्याने मुक्काम ठोकला. क्यू उद्यानाचा अनुभवी माळी रॉबर्ट क्रॉस त्याला येऊन मिळाला. क्रॉसने फाटे लावले, ते किड्यांपासून जपले, पाणी घातले. स्प्रूस बी पिकण्याची वाट पाहत राहिला. त्या वर्षी धुक्यामुळे ऊन कमी पडले आणि बोंडे पिकेनात. ती थोडी लवकर काढली तर बी रुजत नाही, थोडा उशीर झाला तर बोंड उकलून चिमुकले पंखवाले बी वाऱ्यावर उडून जाते. शेवटी झाडाखाली कापड अंथरायचे, वर माणूस चढवून बोंडांचे घोस हलकेच मोडून खाली सोडायचे आणि मग ती बोंडे वाळवायची, अशा रीतीने सुमारे एक लाख बी जमले. बी इतके बारीक, की वजनाला ते सारे मिळून अगदीच किरकोळ भरावे.

डिसेंबरात काचेच्या पेट्यांत लावलेली ६३७ रोपे बाल्सा लाकडाच्या तराफ्यावर चढवून नदीमार्गे ग्वायाकिल बंदराकडे निघाली. पुराच्या धारेत तराफा काठच्या झाडांवर आदळला, वरचे छप्पर चिरडले, पेट्या अस्ताव्यस्त झाल्या. रोपे मात्र वाचली. जानेवारी १८६१ च्या आरंभी क्रॉस त्यांना घेऊन जहाजाने रवाना झाला आणि अर्ध्या जगाचा प्रवास करून त्यांतील चारशेहून अधिक रोपे उटकमंडला जिवंत पोहोचली. मार्कहॅमने पेरूतून स्वतः आणलेली रोपे तांबड्या समुद्राच्या उकाड्यात जवळजवळ सगळी मेली होती, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे मोल कळते. बीही रुजले. स्प्रूसने स्वतः नीलगिरी कधी पाहिला नाही.

उटीच्या सरकारी उद्यानाचा प्रमुख विल्यम मॅकायव्हर याने त्या बियांतून आणि रोपांतून पाहता पाहता हजारो झाडे वाढवली. या मॅकायव्हरची गंमत अशी, की तोही तरुणपणी यकृतकांचा अभ्यासक होता. साल काढण्यासाठी झाड तोडायचे नाही, उभ्या पट्ट्या तेवढ्या सोलायच्या आणि उघड्या पडलेल्या खोडाभोवती ओले शेवाळ गुंडाळायचे, ही युक्ति त्याची. शेवाळाखाली नवी साल येते आणि तिच्यात अल्कलॉइडांचे प्रमाण वाढते, असे त्याला दिसून आले. स्प्रूस ज्या वनस्पतींवर जीव टाकत होता, त्या अशा त्याच्याच झाडाच्या उपयोगी पडल्या.

मुंबई इलाख्यातही त्याच दशकात महाबळेश्वरजवळ लिंगमळा येथे सरकारने सिंकोना लावून पाहिला. चार महिने धो धो पाऊस आणि नंतर कोरडे दिवस, हे हवामान वर्षभर ओलावा मागणाऱ्या या झाडाला मानवले नाही आणि प्रयोग सोडून द्यावा लागला. दार्जिलिंगजवळ मंगपू येथे मात्र तो टिकला. पुढे याच मंगपूला, तेथील सिंकोना तज्ज्ञ मनमोहन सेन आणि त्यांच्या पत्नी मैत्रेयी देवी यांच्या घरी, रवींद्रनाथ ठाकूर वारंवार मुक्कामाला जात.

इतके होऊनही या कथेत एक उणेपण होते आणि ते सालीच्या रसायनात दडलेले होते. नीलगिरीतील साल तपासली गेली तेव्हा दिसले, की लाल सालीत अल्कलॉइडे भरपूर आहेत, पण क्विनीनचा वाटा त्यांत कमी आणि सिंकोनिडीनचा जास्त आहे. मग बाकीची तीन अल्कलॉइडे निरुपयोगी समजायची काय? मद्रास सरकारने १८६६ मध्ये नेमलेल्या समितीने सुमारे अडीच हजार रुग्णांवर चारही अल्कलॉइडे स्वतंत्रपणे वापरून पाहिली आणि क्विनीनच्या जोडीने इतर तिन्हीही ताप उतरवतात असे अनुमान काढले. वैद्यकाच्या इतिहासातील हा एक मोठा आणि काहीसा विसरला गेलेला पडताळा होय. त्यातूनच क्विनीन वेगळे न काढता सालीतील सगळी अल्कलॉइडे एकत्र ठेवून केलेले स्वस्त ज्वरनाशक चूर्ण मंगपूला तयार होऊ लागले. श्रीमंतांना शुद्ध क्विनीन आणि गरिबाला हे चूर्ण, अशी विभागणी झाली खरी. पण गरिबाच्या वाट्याला निदान काहीतरी आले, ते लाल सालीमुळे.

व्यापारात मात्र बाजी मारली डचांनी. १८६५ मध्ये चार्ल्स लेजर या इंग्रज व्यापाऱ्याने बोलिव्हियातून आलेले बी विकायला काढले. ब्रिटिश सरकारने त्यात रस घेतला नाही, डचांनी थोडे घेऊन जावात पेरले. त्या झाडांच्या सालीत क्विनीनचे प्रमाण कुठे कुठे तेरा टक्क्यांपर्यंत भरले आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जगाचा बहुतेक क्विनीन जावातूनच येऊ लागला. ते बी ज्याने रानातून वेचून दिले होते, तो मान्वेल इंक्रा मामानी हा आदिवासी बोलिव्हियात तुरुंगात पडला, मारहाणीने खंगला आणि मेला. सिंकोनाच्या नफ्याच्या हिशेबात अशी नावे सहसा येत नाहीत.

तुलनेने स्प्रूसचे नशीब बरे म्हणायचे, पण किती बरे? १८६१ मध्ये ग्वायाकिलची ज्या पेढीत त्याने सारी पुंजी ठेवली होती ती बुडाली आणि सुमारे ७०० पौंड गेले. आयुष्यभराची कमाई तेवढीच होती. इक्वेडोर आणि पेरूच्या कोरड्या किनाऱ्यावर तीन वर्षे प्रकृती सुधारण्याची वाट पाहून मे १८६४ मध्ये तो इंग्लंडला परतला. वय अवघे ४६, शरीर म्हाताऱ्याचे. ब्रिटिश सरकारने १८६५ पासून त्याला वर्षाला ५० पौंड निवृत्तिवेतन दिले. भारत सरकारकडून आणखी ५० पौंड मिळायला १८७७ साल उजाडले आणि तेही मार्कहॅमने पुन्हा पुन्हा अर्ज-विनंत्या केल्यानंतर. श्रेय मार्कहॅमने पुष्कळ घेतले हे खरे, पण या एका बाबतीत तो मित्राला जागला.

हे झाड आणणे म्हणजे चोरी होती काय, हा प्रश्न आज विचारला जातो आणि तो गैरलागू नाही. स्प्रूसने मालकांना पैसे मोजले होते आणि तोवर बी नेण्यास तेथे बंदी नव्हती. इक्वेडोरने ती घातली १८६१ मध्ये, रोपे गेल्यावर. पण सालीला हात लावायचा नाही या अटीवर ४०० डॉलरात जे गेले ते सालीचे अख्खे भवितव्य होते आणि हे व्यवहार करणाऱ्या दोन पक्षांपैकी एकालाच ठाऊक होते. दुसऱ्या बाजूला, लिमोनच्या त्या दोनशे बुंध्यांवर कुऱ्हाड आधीच चाललेली होती आणि बंगालात दर पावसाळ्यानंतर माणसे तापाने मरत होती. स्प्रूसला स्वतःला यातून एक पैसाही सुटला नाही, ही वस्तुस्थिती त्याच्या बाजूने नोंदवावी लागेल. ज्या साम्राज्याच्या कामी तो आला, त्याच्या बाजूने ती नोंदवता येत नाही.

अखेरची सतरा वर्षे त्याने जन्मगावाजवळच कोनिस्थॉर्प येथे एका लहानशा घरात काढली. बसून सूक्ष्मदर्शकात पाहवत नसे, तेव्हा तो आरामखुर्चीत रेलून किंवा पडून काम करी. दिवसातून काही मिनिटेच जमत. अशा स्थितीत त्याने ॲमेझॉन आणि अँडीजमधील यकृतकांवरचा आपला मोठा लॅटिन ग्रंथ पुरा केला. तो १८८४-८५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि आजही त्या विषयातले अभ्यासक त्याच्याकडे वळतात. एका औषधतज्ज्ञ मित्राला लिहिताना त्याने कबूल केले होते, की या वनस्पतींपासून ना औषध मिळते ना अन्न. परंतु त्या जेथे आहेत तेथे उपयोगी आहेत, शिवाय स्वतःसाठी जगत आहेत आणि तेवढे त्याला पुरेसे वाटे. क्विनीनच्या झाडासाठी शरीर गमावलेल्या माणसाचे हे म्हणणे आहे.

२८ डिसेंबर १८९३ रोजी इन्फ्लुएन्झाने त्याचे निधन झाले आणि टेरिंग्टन येथे त्याचे दफन झाले. त्याच्या दैनंदिन्या, पत्रे, टिपणे यांचा ढीग वॉलेसने चाळला, वयाच्या ऐंशीनंतर, आणि १९०८ मध्ये ते दोन खंडांत प्रसिद्ध केले.

त्याने पाठवलेल्या लाल सालीच्या झाडाला पुढे एक वेगळे काम लाभले. क्विनीनने समृद्ध असलेले लेजरचे झाड मुळांनी कमजोर असते, म्हणून जावातील मळेवाल्यांनी त्याची कलमे लाल सालीच्या काटक खुंटावर बांधली. तर इक्वेडोरच्याच मालकीच्या गालापागोस द्वीपसमूहात, सांताक्रूझ बेटावर, हेच झाड विसाव्या शतकात लावले गेले आणि तेथील उंचावरच्या स्थानिक झाडोऱ्यावर ते इतके पसरले, की राष्ट्रीय उद्यानाच्या कामगारांना ते उपटून, खोडाला काप देऊन आणि तणनाशक ओतून मारावे लागते.